मनोगत व्यक्त केले

कात्रण तीन बोटं रुंद आणि जेमतेम नऊ ओळींचं आहे. कडेगाव तालुक्यातल्या एका गावात महिला सभा झाली, तिची बातमी. जिल्हा पुरवणीचं आतलं पान, अगदी तळाशी, एका बाजूला ट्रॅक्टरची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी पुण्यस्मरणाची चौकट. पहिल्या चार ओळी पाहुण्यांच्या नावांत गेल्या आहेत. पुढे पंचायत समितीतून आलेल्या साहेबांनी ‘मार्गदर्शन केले’, माजी सरपंचांनी ‘प्रतिपादन केले’, हायस्कूलच्या सरांनी ‘सखोल विवेचन केले’. शेवटच्या ओळीत बचतगटाच्या अध्यक्षांनी ‘दारूबंदीबाबत तीव्र भावना व्यक्त केल्या’. त्याखाली लगेच आभार. बातमीत खोटं असं काहीच नाही. सभा झाली, माणसं आली, बाई बोलल्या. तरी ती ओळ दातात अडकलेल्या उसाच्या चोयटीसारखी राहून राहून टोचते, कारण त्या भाषणाचं फोनवरचं रेकॉर्डिंग गटाच्या ग्रुपवर आहे. ११ मिनिटं ४० सेकंद. ते ऐकलं की कळतं, बाईंनी त्या दिवशी एकही भावना व्यक्त केली नव्हती. त्यांनी गणित सोडवून दाखवलं होतं.

गणित असं. गावच्या यादीत महिला मतदार १,६४०. दारूचं दुकान बंद करायचं तर आधी त्यातल्या २५ टक्के बायकांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क खात्याकडे द्यावा लागतो, म्हणजे सह्या हव्यात ४१०. सह्यांची पडताळणी होते, सही करणारीला ओळखपत्र घेऊन समोर उभं राहावं लागतं. त्या दिवशी भांगलणीला गेलेली बाई हजर नसते, कुणी माहेरी गेलेली असते, कुणाची सही अर्जावर एक आणि कार्डावर दुसरी. म्हणून ४१० लागतात तिथे ५०० घ्यायच्या. मग गुप्त मतदान. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. इथेच बहुतेक गावं फसतात. झालेल्या मतांत आडवीला जास्त पडून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. १,६४० च्या निम्म्या ८२०, म्हणून ८२१. समजा १,१०० बायका आल्या, त्यांतल्या ८०० जणींनी आडवीवर शिक्का मारला आणि ३०० जणींनी उभीवर, तर गाव म्हणणार आपण जिंकलो आणि दुकान उद्या सकाळी पुन्हा उघडणार. रेकॉर्डिंगमध्ये बाई इथे क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “जी बाई आलीच न्हाई, तिचं मत उभ्या बाटलीला. ही गाठ मारून ठेवा.” मग त्या यादीकडे वळतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी अजून यादीत आहेत. वारलेल्या म्हाताऱ्या आहेत. एकच बाई दोन ठिकाणी आहे. त्यांनी घरोघर फिरून अशी १२० नावं काढली होती. ७ नंबरचा अर्ज भरून ती कमी केली तर यादी १,५२० ची होते, सह्या ३८० लागतात आणि मतं ७६१. “साठ बाया बोलवायचं कष्ट वाचलं,” असं त्या म्हणतात आणि मंडपात पहिल्यांदा हशा पिकतो.

तीव्र भावना व्यक्त केल्या.

या ओळीचा दोष एकट्या वार्ताहराच्या माथी मारता येत नाही. गावची बातमी कशी तयार होते ते पाहिलं की राग जरा निवळतो आणि मग वेगळ्याच जागी बसतो. सभेला वार्ताहर बहुतेक वेळा पोचलेलाच नसतो, त्याच्याकडे त्या दिवशी दोन लग्नं, एक अपघात आणि साखर कारखान्याची एक बैठक असते. संयोजकांपैकी कुणीतरी प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं. ती लिहिणारा बहुधा शाळेतला मास्तर किंवा ग्रामपंचायतीतला पोरगा, आणि त्याच्यासमोर असते कार्यक्रमपत्रिका. पत्रिकेचा क्रम ठरलेला असतो: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, मार्गदर्शन, अध्यक्षीय भाषण, आभार. पत्रिकेतच बाईच्या नावापुढे ‘मनोगत’ छापलेलं असलं की नोटमध्ये ‘मनोगत व्यक्त केले’ आलंच. नोट दीडशे शब्दांची, वार्ताहर तिला शंभरावर आणतो, आणि मुख्य कचेरीत बसलेला उपसंपादक रात्री साडेदहाला पानात जागा उरेल तेवढी ठेवतो. कापताना तो खालून कापतो, ही या धंद्यातली जुनी रीत. खाली कोण असतं? ज्यांचं भाषण पत्रिकेत आधी होतं, पण मानाने नंतर घ्यायचं असतं ते. तिथेच बाई असतात. ४१० आणि ८२१ हे आकडे नोटमध्ये होते की नव्हते कोण जाणे. असले तरी पान लावताना ते पहिल्यांदा गेले असते. मराठी बातमीत पुरुष मार्गदर्शन करतो, प्रतिपादन करतो, इशारा देतो, खडे बोल सुनावतो, आणि कधीकधी तर नुसता उपस्थित राहूनही मोलाचं योगदान देतो. बाई मनोगत व्यक्त करते, भावना मांडते, कृतज्ञता व्यक्त करते, फारच झालं तर भावुक होते. ही क्रियापदं कुणी ठरवून वाटलेली नाहीत. सवयीने बसलेली आहेत, दाराच्या चौकटीला तेलाचा हात बसावा तशी.

त्या गावापासून देवराष्ट्रे फार लांब नाही. सागरेश्वरच्या डोंगराच्या कुशीतलं हे गाव म्हटलं की लोकांना पहिल्यांदा यशवंतराव चव्हाण आठवतात, कारण ते त्यांचं आजोळ आणि जन्मगाव. त्याच गावात कुर्लेकरांच्या घरी यशवंतरावांच्या आधी अर्धशतक एक मुलगी जन्मली होती, यमुना. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती रमाबाई रानडे झाली. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांनी ‘आमच्या’ म्हणावं अशी सोय. रानड्यांनी बायकोला आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवलं. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून हिराबागेत सभा भरली तेव्हा गव्हर्नर फर्ग्युसनसमोर रमाबाईंनी उभं राहून इंग्रजीतलं भाषण वाचलं. मजकूर नवऱ्याने लिहून दिलेला होता, हे त्यांनी लपवलं नाही. घरी परतल्यावर वाड्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी जे ऐकवलं तेही त्यांनी पुढे १९१० साली छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं. त्या आठवणी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. रमाबाईंनी काय वाचलं यावर घरात कुणी वाद घातला नाही. मुलींना हायस्कूल हवं की नको, इंग्रजी हवं की नको, हा मुद्दा मागेच पडला. खटकलं होतं ते त्यांचं उभं राहणं. चार पुरुषांसमोर पदर सावरत उभी राहिलेली बाई आणि तिच्या तोंडून बाहेर पडणारा आवाज.

वर्तमानपत्रांचंही याहून वेगळं नव्हतं. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं त्याला चार वर्षंच झाली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘केसरी’ने या समाजावर लिहिलं, त्याचा आशय असा की वाईट चाली मोडणं हे खरं तर पुरुषांचं काम, बायका पंडिता झाल्या आणि सुधारणेच्या शेवटच्या पायरीला पोचल्या तरी अजून पुष्कळ वर्षं त्यांनी यात पडू नये, त्यांना पुरुषांच्या ताब्यातच राहावं लागेल. हे वाचून ‘केसरी’ म्हणजे टिळक असं गृहीत धरून पुढे जायची आपल्याला घाई असते. पण तेव्हा ‘केसरी’चे संपादक होते गोपाळ गणेश आगरकर, आणि तो ऑगस्ट तर टिळक आणि ते दोघेही डोंगरीच्या तुरुंगात काढत होते. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. टेंभू म्हटलं की आता आपल्याकडे पाणी आठवतं, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून दुष्काळी माथ्यावर चढवणारी योजना, आणि ज्या गावच्या बाईंचं हे कात्रण आहे तो तालुकाही त्याच पाण्याच्या आशेवर आहे. हेच आगरकर पुढे ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, बायकांच्या बाजूने असं लिहिलं की पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकरांच्या बाबतीत आपण शेवटचं तेवढं लक्षात ठेवतो. मला सहा वर्षांचं ते मधलं अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या पत्रात १८८२ मध्ये, ते तुरुंगात असताना का होईना, बाईने गप्प बसावं असं छापून आलं त्यांना स्वतःचं वेगळं पत्र काढायला वेळ लागला, आणि तोवर बोलणाऱ्या बायका बोलतच होत्या.

१८८९ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेस भरली. सालाच्या आकड्याइतकेच प्रतिनिधी होते, १,८८९, हा योगायोग तेव्हाच्या लोकांनाही गमतीचा वाटला होता. त्यांत बायका साधारण दहा. त्यांना मंडपात बसायला मिळालं, राजकीय ठरावांवर बोलायला नाही. बोलायला मिळालं ते त्याच वेळी भरलेल्या सामाजिक परिषदेत, विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर. पंडिता रमाबाई उभ्या राहिल्या. ध्वनिवर्धक अजून जन्मायचा होता, मंडप मोठा, गलका मोठा. आवाज मागे पोचेना. तेव्हा त्यांनी समोरच्या पुरुषांना सुनावलं की माझा आवाज लहान आहे यात नवल काय, बाईचा आवाज मोठा व्हावा अशी संधी तुम्ही तिला दिलीतच कधी. हे वाक्य आता जागोजागी उद्धृत होतं, आणि होऊ दे. पण त्या आवाजाची हकीकत जरा निराळी आहे. रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थांच्या गावांत पुराण सांगत हिंडल्या होत्या. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना येत. देवळाच्या सभामंडपात पोथी सांगणाऱ्याचा आवाज बारका राहून चालत नाही, राहिला तर ताटात तांदूळ पडत नाहीत. म्हणजे ज्या बाईने आवाजावर पोट भरलं होतं तिलाच मंडपात आवाज लहान असल्याचं सांगावं लागलं. देवळात ती देवाचं सांगत होती, तोवर कुणाला गलका करावासा वाटला नव्हता.

आवाज तसा बायकांकडे होताच. पहाटे जातं घरघरत असताना त्या घरघरीच्या वर ओवी चढवायची तर फुप्फुसात दम लागतो. दोघी समोरासमोर बसून, एक हात खुंट्यावर, दुसरा वैरण घालायला, कमरेतून पुढेमागे झुलत ज्या लयीत गातात ती लय श्वासाला धरून असते; दळण पायलीचं असलं तर गाणं तास-दीड तास चालतं. एवढा रियाज गावच्या कुठल्या पुढाऱ्याने केला असेल असं वाटत नाही. फक्त तो आवाज खाली मान घालून काढायचा होता आणि ऐकायला समोरची जाऊ होती. रंगमंचावर बाईचा आवाज हवाच होता, तो पुरुषाच्या गळ्यातून काढून घ्यायची युक्ती सांगलीनेच महाराष्ट्राला दिली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या दरबारात ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यात सीता झाला तो मुलगा होता. पुढे कृष्णाकाठच्या नागठाण्याच्या बालगंधर्वांनी तर बाईने कसं बोलावं, पदर कसा घ्यावा, लाजावं कसं हे बायकांनाच शिकवलं. नागठाणं आणि देवराष्ट्रे ही गावं एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी सायकलच्या अंतरावर आहेत. एका गावच्या पुरुषाने बाईच्या आवाजात गायलेल्या पदांवर उभा महाराष्ट्र जीव टाकत होता. दुसऱ्या गावच्या बाईने स्वतःच्या आवाजात एक पान इंग्रजी वाचलं तर घरात बोलणी.

आता माइक आहे. माइक आला म्हणजे आवाजाचा प्रश्न सुटला असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गावातल्या मंडपाच्या मागे, मशीनवाल्या पोराच्या खुर्चीशेजारी उभं राहून सभा ऐकावी. सकाळी तो ‘हॅलो, चेक, वन टू’ करतो तो स्वतःच्या आवाजात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १२० हर्ट्झच्या आसपास, बाईचा २०० च्या आसपास. झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून खालचे जाड सूर जवळजवळ बाहेर पडतच नाहीत आणि २ ते ४ हजार हर्ट्झचा टापू मात्र उसळून येतो. माणसाच्या कानाला नेमका तोच टापू सर्वांत जास्त टोचतो. पुरुषाचा आवाज कर्ण्यात घुमतो, शब्द कळत नाहीत, म्हणून पोरगं ट्रेबल चढवून ठेवतं. त्यावर थोडा एको टाकतं, कारण पुढाऱ्यांना तो आवडतो. आता बाई बोलायला येतात. स्टँड साडेपाच फुटांवर अडकवलेला, त्यांचं तोंड त्याच्या खाली. तो खाली करायची चावी गंजलेली असते आणि ती फिरवायला कुणी उठत नाही. चार बोटांवर असायचा माइक फुटावर जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, चौपट झालं की १२ ने. मागून ओरडा होतो, ‘आवाज येत न्हाई!’ पोरगं व्हॉल्यूम चढवतं. मग माइक बाईंपेक्षा कर्ण्याचंच जास्त ऐकायला लागतो आणि शिट्टी वाजते. बाई दचकून मागे सरतात, अंतर आणखी वाढतं. आवाज पोचत नाही म्हणून त्या ताणतात, ताणला की सूर वर जातो, चढवलेल्या ट्रेबलमधून सगळे ‘स’ आणि ‘च’ सुरीसारखे बाहेर पडतात आणि त्यांच्यावर एकोची शेपटी. पुढच्या रांगेतला कुणीतरी शेजाऱ्याला म्हणतो, बाईंचा आवाज जरा कर्कश आहे नाही? इलाज काय आहे? स्टँड खाली, माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर आणि किंचित हनुवटीकडे, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत, ट्रेबल दोन खाचा मागे, एको बंद. दहा सेकंदांचं काम. कुणी करत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं. रेकॉर्डिंगमध्येही पहिल्या मिनिटाला ती शिट्टी आहे. मग खरखर ऐकू येते, कुणीतरी माइक क्लिपमधून ओढून काढल्यासारखी, आणि त्यानंतर बाईंचा आवाज एकदम जवळ येतो.

छापून येणं आणि ऐकू येणं यांच्यात आणखी एक फरक आहे, तो बालपणी लावून दिलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना चांगला ठाऊक होता. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध त्यांनी पत्रं लिहिली ती ‘अ हिंदू लेडी’ या नावाने. लेखणीला टोपणनाव घेता येतं. आवाजाला घेता येत नाही; तो निघाला की अंगावर लुगडं कसलं आहे, कपाळावर कुंकू आहे की नाही, नवरा कोण, सगळं एकदम निघतं. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि ‘पुणे वैभव’ या पत्राने ते निमित्त करून सगळ्या बायकांवर तोंड सोडलं, तेव्हा त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं, स्वतःच्या नावाने. पुण्याच्या शिवाजी छापखान्यात ५०० प्रती, किंमत नऊ आणे. सभा नाही, मंडप नाही, तरी त्या गद्यात जो बोलका जोर आहे तो वाचताना कानात ऐकू येतो, अंगणात उभ्या राहून कुणी गावाला जाब विचारावा तसा. त्यांच्यावर एवढी टीका झाली की जोतीराव फुल्यांना आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंनी त्यानंतर काही छापलं नाही. ९ आणे किमतीचं एक पुस्तक आणि पुढे शांतता. या शांततेवर वर्तमानपत्रांनी अर्थातच काही लिहिलं नाही.

वर्तमानपत्रं ही पुढची पायरी. पहिली टीका घरातच होते आणि ती सासरचीच असते असं नाही. शिरवळजवळचं नायगाव हे सावित्रीबाईंचं माहेर. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारातून उठायला तिथे येऊन राहिल्या होत्या, तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. भावाने त्यांना सुनावलं होतं की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी जे करता त्याने आपल्या कुळाला बट्टा लागतो, जातीने सांगितलं तसं वागावं. सावित्रीबाईंनी भावाला उत्तर दिलं ते शेतकऱ्याच्या घरातलंच. तू शेळीगाईला जवळ घेऊन कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि महारमांग तुझ्यासारखीच माणसं असून त्यांना शिवत नाहीस. हे भाषण नव्हतं, ओसरीवरचं बोलणं होतं, पण मोठ्या सभेतल्या भाषणाची सगळी हाडं त्यात आहेत. समोरच्याच्या गोठ्यातला दाखला घ्यायचा आणि तो त्याच्याच दारात ठेवायचा. दर ३ जानेवारीला नायगावात मोठा कार्यक्रम होतो, बसेस भरून बायका येतात, पुढारी येतात. पुढारी मार्गदर्शन करतात.

जुन्या टीकेबद्दल मनात एक चमत्कारिक भावना येते, ती कबूल करायला अवघड वाटते. ‘केसरी’ने पंडिता रमाबाईंवर अग्रलेखामागून अग्रलेख खर्ची घातले; त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या वादात तर वर्ष-वर्ष पाठ सोडली नाही. ते सगळं अन्यायाचं होतं, बऱ्याचदा कोतं होतं. पण एवढी शाई घालवायला आधी ऐकावं लागतं. रमाबाई काय म्हणाल्या, कुठे म्हणाल्या, कोण हजर होतं, हे त्या टीकेतूनच आज आपल्याला सापडतं. १९२० मध्ये मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून पुण्यात बायकांचा मोर्चा निघाला आणि साठीकडे झुकलेल्या रमाबाई रानडे त्याच्या पुढे होत्या. तेव्हाही विरोध करणाऱ्यांना त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासाठी निदान ते मांडावं लागलं. शंभर वर्षांनी कडेगावच्या बाईंचं म्हणणं खोडायची कुणाला गरजच पडली नाही. ११ मिनिटांचं गणित ‘तीव्र भावना’ या दोन शब्दांत गुंडाळलं गेलं, आणि त्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. नोट पाठवणाऱ्या पोराला तर वाटलं असेल की ‘तीव्र’ लिहून आपण बाईंचा मानच राखला. पन्नास टक्के आरक्षणाने बायका ग्रामपंचायतीत आल्या, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा नियमही आला. क्रियापदांना आरक्षण नाही. (हे वाक्य लिहिताना कळतंय की ते टाळ्यांचं आहे. असू दे.)

दुसरी महिला सभा दीड महिन्याने झाली. त्या वेळी नोट अध्यक्षबाईंनी स्वतः लिहिली, आणि ती पाहण्यासारखी आहे. आठ ओळी. पाहुण्यांची नावं शेवटी, कारण खालून कापलं तर तीच जावीत. पहिल्याच वाक्यात आकडा: यादीतून ११४ नावं कमी झाली, महिला मतदार आता १,५२६, लागणाऱ्या सह्या ३८२, झालेल्या सह्या ४६७. दुसऱ्या वाक्यात मतदानाला किती बायका याव्या लागतील ते, ७६४, आणि ‘पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीच्या निम्म्याहून जास्त’ हे शब्द तसेच्या तसे. विशेषण एकही नाही. क्रियापदापाशी त्यांनी काहीतरी लिहून खोडलं आहे, खोडलेलं वाचता येत नाही, वर लिहिलंय ‘सांगितले’. एका बाईने गटातल्या दुसरीला विचारलं म्हणे, नुसतं सांगितले बरं दिसतं का? त्यावर उत्तर मिळालं, “मग काय केलं आपण? सांगितलंच की.”

तीन दिवसांनी छापून आलं. तेच आतलं पान, पण वरच्या अर्ध्यात, दोन कॉलमात. ४६७ चा आकडा मथळ्यात होता आणि तो बरोबर होता. क्रियापद कुणी बदललं नव्हतं. बाईंच्या नावात मात्र चूक झाली होती, नवऱ्याच्या नावाच्या जागी दिराचं पडलं होतं.